वरूडात समुद्राचा चाकू

वरूडच्या माणसाने समुद्राविषयी बोलू नये असा काही कायदा नाही. पण बोललाच, तर ऐकणाऱ्याने ते फारसं मनावर घेऊ नये. आमच्या गावापासून समुद्र पूर्वेचा धरा नाहीतर पश्चिमेचा, ५०० किलोमीटरांच्या आत येत नाही. समुद्र राहू द्या, साधं पाणीसुद्धा आमच्या तालुक्यात माणसाला सरळपणे भेटत नाही. संत्र्याच्या बागा जगवायला आम्ही जमिनीला इतकी भोकं पाडून ठेवली, की भूजलवाल्यांनी आमचं नाव 'डार्क झोन'मध्ये घालून टाकलं. गावातून चुडामणी नदी जाते. तिचं पाणी वर्धेत जातं, वर्धेचं प्राणहितेत, प्राणहितेचं गोदावरीत आणि गोदावरीचं बंगालच्या उपसागरात. वरूडहून समुद्राकडे नेमाने जाणारं असं आजवर एवढंच होतं. त्यात यंदा आमच्या पुतण्याची भर पडली.

हा पोरगा बारावीनंतर इंजिनियर होईल, नाहीतर पुण्याला जाऊन काहीच होणार नाही, असा आमचा अंदाज होता. त्याने तिसरीच वाट काढली. परीक्षा दिली आणि नव्या मुंबईच्या 'टी. एस. चाणक्य'मध्ये जहाजाचं शिक्षण घ्यायला जाऊन बसला. १९२७ साली 'डफरिन' नावाच्या जहाजावर सुरू झालेलं हे शिक्षण १९७२ मध्ये 'राजेंद्र' जहाजावर गेलं आणि १९९३ मध्ये जमिनीवर उतरून 'चाणक्य' झालं. आमच्या दादांनी या इतिहासातून एवढंच उचललं, की शाळा जशी जमिनीवर आली तसा पोरगाही येईल. पोरगा आला नाही. पांढऱ्या कपड्यातला फोटो आला, आणि मग मालवाहू जहाजावर कॅडेट म्हणून रुजू व्हायची तारीख आली.

तारखेच्या मागोमाग सामानाची यादी. तिच्यातल्या बहुतेक वस्तूंचा प्रश्न अमरावतीच्या बाजारात सुटला. अडलं ते एका ओळीवर. पुतण्याला रत्नागिरीकडचा एक सिनियर भेटला होता. तो चार वर्षं डेकवर काम केलेला. त्याने फोनवर सांगितलं, "बाकी काही विसरलास तरी चालेल. चाकू मात्र स्वतःचा आण. घडीचा, टिकाऊ, दोर कापणारा."

हे काम माझ्याकडे आलं. कारण मी ३० वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला. फळ्यावर अरबी समुद्र काढावा तर वरूडात मीच. प्रत्यक्ष समुद्र मी शाळेच्या सहलीबरोबर दोनदा पाहिला होता, आणि दोन्ही वेळा माझं लक्ष पाण्याकडे नसून पोरं मोजण्याकडे होतं. पण घरच्यांचा माझ्यावर विश्वास. "तुले समुद्राचं माहीत हाये," दादा म्हणाले, "तूच पाह्य बावा."

चाकू घ्यायला निघालेल्या माणसाची एक गंमत असते. तुम्ही चष्मा घ्यायला निघा, कोणी विचारत नाही. चाकू म्हटलं की गल्लीतला प्रत्येक पुरुष जाणकार होतो. शेजारी निवृत्त फौजदार राहतात. त्यांनी आधी कायदा सांगितला. शस्त्र कायद्याच्या नियमांप्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची भानगड. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली. मी म्हटलं, आपल्याला तीन इंचांचं पातं पुरे. फौजदारांचा चेहरा पडला. "तीन इंचांत काय होते गुरुजी?" असं ते म्हणाले, ते आजवर जप्त केलेल्या सगळ्या मालाची आठवण काढून. हिंदी सिनेमाने आमच्या पिढीला चाकू म्हणजे रामपुरी एवढंच शिकवलं. खटका दाबला की लांबलचक पातं बाहेर, आणि समोरचा घाबरला पाहिजे. दोर घाबरत नाही ही त्यातली अडचण.

बाजारातल्या दुकानदाराने अकरा कामांचा चाकू पुढे केला. त्यात कात्री होती, पेचकस होता, बाटली उघडायचा आकडा होता, छोटी बॅटरी होती आणि दिशा दाखवणारं होकायंत्रही होतं. "घ्या गुरुजी, बोट चुकली तं हे कामी येईन." मी चाकूचं पातं उघडून मागितलं. त्याने एक एक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. कात्री निघाली, करवत निघाली, कान कोरायचं काहीतरी निघालं. चाकू शेवटून दुसरा निघाला. तरी घेतला. वरूडात दुकानात चढून काही न घेता उतरणं सोपं नाही; त्याचा मुलगा माझा विद्यार्थी होता.

पण खरं सांगायचं तर आमच्याकडे घडीच्या चाकूचे खरे जाणकार आहेत, आणि ते समुद्रावर नाहीत, शेंदुरजनाघाटला आहेत. तिथल्या रोपवाटिका म्हणजे संत्र्याचं माहेर. जंभेरीच्या रोपाच्या सालीला उभाआडवा छेद द्यायचा, साल अलगद उचलायची, आत संत्र्याचा डोळा बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. याला डोळा भरणं म्हणतात. दिवसभर बसून शेकड्याने डोळे भरणारी माणसं तिथे आहेत, आणि त्यांच्या खिशात जो घडीचा चाकू असतो त्याला घरात बायकोसुद्धा हात लावत नाही.

अशाच एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्याने चाकू काढला, अंगठ्याच्या नखावर धार टेकवली, दगडावर दोन हात मारले, मग चामड्यावर. पात्यात माझा चष्मा दिसायला लागला. "समुद्रावरचा दोर असो का लंडनचा," तो म्हणाला, "ह्या धारेपुढं काही टिकत नाही जी." आणि त्याने सुतळी कापून दाखवली. सुतळीला कापल्याचं कळलंही नसेल. मी खूश होऊन त्याचा एक जुना चाकू मागून घेतला. मात्र निघताना त्याने एक वाक्य सांगितलं: "ह्याले ओल चालत नाही. रात्री तेल लावून ठेवा, नाहीतर सकाळी तांबडा होते." आता ज्याला ओल चालत नाही त्याला जहाजावर पाठवायचं म्हणजे देशावरची सून कोकणात देण्यासारखंच.

तेव्हा गंजाचा प्रश्न आधी मिटवायचा असं ठरलं. इथे आमच्या दर्यापूरच्या साळ्याने उडी घेतली. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या काठाने खारपाणपट्टा आहे. जमिनीखाली पाणी खारं. दर्यापूरचा माणूस या गोष्टीचं एरवी रडगाणं गातो, पण त्या दिवशी त्याला अभिमान वाटला. "समुद्र कायले शोधता? आमच्याकडं हापसा मारला की समुद्र!" तो दोन कॅन भरून घेऊन आला. चव घेतली, खारं होतं, पण समुद्राच्या मानाने ते लिंबू-सरबत. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं हे मी भूगोलात शिकवत आलो होतो. मग रंगाच्या रिकाम्या बादलीत दहा लिटर पाणी घेऊन ३५० ग्रॅम मीठ मोजून टाकलं. आमच्या सौ. बाजूला उभ्या होत्या. "आयोडिनचं टाकलं का?" एवढंच त्यांनी विचारलं. ३० वर्षांत माझ्या भूगोलाला घरातून विचारलेला हा पहिला प्रश्न.

बादलीत चार चाकू टाकले. एक कलमाचा. दुसरा अकरा कामांचा. तिसरा लाकडी मुठीचा फ्रेंच चाकू. तो फौजदारांच्या जावयाने परदेशातून आणून दिलेला आणि त्यांनी 'पाहा तरी' म्हणून आम्हाला दिलेला. चौथा नागपूरहून आणवलेला, पात्यावर '४२०' असं कोरलेला. हा आकडा वाचून फौजदार उसळले. "स्वतः लिहून देऊन राह्यला, तरी घेता?" त्यांना समजावलं, की ते पोलादाच्या जातीचं नाव आहे. या ४२० मध्ये क्रोमियम भरपूर आणि कार्बन कमी, म्हणून गंज कमी धरतो, पण धारही लवकर जाते. त्याचा मोठा भाऊ ४४०-सी. त्यात कार्बन जास्त, धार टिकते, पण मिठाशी जरा नरम. फसवणुकीचं कलम ४२० तर १ जुलै २०२४ पासून बदलून भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं. पोलादवाल्यांना कोणी कळवलं नाही.

रोज सकाळी चहाच्या आधी सगळं घर बादलीभोवती जमायचं. पहिल्या दिवशी कलमाचा चाकू तांबडा. दुसऱ्या दिवशी फ्रेंच चाकूची लाकडी मूठ फुगली आणि तिने पातं असं गच्च धरलं, की दादा आणि मी मिळून ओढूनही ते बाहेर आलं नाही. फौजदार आले, त्यांनीही ओढलं. पुष्कळ कैद्यांना त्यांनी बोलतं केलं होतं, हा काही उघडला नाही. अकरा कामांच्या चाकूतली बॅटरी मिठाच्या पाण्यात पडल्या पडल्या आपोआप लागली आणि रात्रभर बादलीच्या तळाशी जळत राहिली. आमच्या सौ. पहाटे उठल्या तेव्हा त्यांना वाटलं, पाण्यात काहीतरी आलं. ४२० चं पातं मात्र आठ दिवस चकचकीत राहिलं. गंजला तो त्याचा आतला कमानीचा पत्रा आणि पेच. म्हणजे नवरदेव गोरा, वऱ्हाडी काळे. चाकू टिकाऊ म्हणतो तेव्हा आपण पातं पाहतो. मरतो तो खिळ्यात.

'न गंजणारं पोलाद' हा शब्दच थोडा फसवा आहे. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली या गृहस्थाने १९१३ मध्ये बंदुकीच्या नळीसाठी पोलाद शोधता शोधता क्रोमियमवालं पोलाद काढलं आणि ते जाऊन पोचलं काट्याचमच्यांत. ते गंजतं, उशिरा गंजतं, एवढाच त्याचा अर्थ. आणि मीठ लागलं की त्याच्या अंगावर देवीच्या व्रणासारखे खड्डे पडतात. म्हणून अलीकडे समुद्रावरच्या चाकूंसाठी असं पोलाद निघालं, की त्यात कार्बनच्या जागी बहुतेक काम नायट्रोजन करतो. दादांना हे पटेना. आमच्याकडे नायट्रोजन म्हणजे युरिया. "युरिया टाकल्यानं झाड हिरवं होते. चाकूचं काय होईन?"

धारेची परीक्षा गच्चीवर झाली. बाजारातून अर्धा अर्धा इंचाचे दोर आणले: काथ्याचा, नायलॉनचा आणि तो पिवळा प्लास्टिकचा. पाण्याच्या टाकीला बांधून एकेक ओढून धरायचा आणि कापायचा. कलमाचा चाकू पुन्हा घासून चामड्यावर फिरवून आणला. सुतळीला न कळता कापणारा तो चाकू पिवळ्या दोरावरून घसरायला लागला. आरशासारखी धार लाकडात, सालीत, संत्र्याच्या डोळ्यात चालते; दोराच्या तंतूंना मात्र पकडून ओढणारी खरखरीत धार लागते. हे मला पुस्तकात सापडलं होतं, पण ते सांगायला मी तोंड उघडणार इतक्यात वहिनी जिन्यातून वर आल्या. त्यांच्या हातात वाळत घालायचे कपडे होते.

"इळ्याले दात कायले असते भाऊजी?" त्या म्हणाल्या.

आम्ही गप्प.

"गवत बोदरं असते म्हनून. दात धरते अन् मंग कापते." एवढं बोलून त्या दोरी शोधायला लागल्या. ती दादांनी मघाशीच कापली होती.

दात असलेलं पातं, हे त्या दिवशी नक्की झालं. पुरं दातेरी नको, कारण दातेरी पातं घरी घासता येत नाही. मुळाशी दात आणि पुढे साधी धार. एक गोष्ट मला नव्याने कळली. सैल दोर कापायला जीव जातो, आणि ताणलेला दोर नुसता धार लावायचा अवकाश, तडकतो. जहाज बांधायचे जे मनगटाएवढे दोर असतात ते खिशातल्या चाकूने कापायचे नसतातच. आणि ते ताणाखाली तुटले तर त्यांच्या वाटेत उभं राहायचं नसतं. सिनियरने हेही सांगितलं होतं. चाकू लागतो तो बारक्या दोरांसाठी, बांधाबांधीसाठी, आणि—

इथे मला थोडं मागे जावं लागेल. तो फोन आला त्या दिवशी पुतण्याने स्पीकर लावला होता. सिनियर मोकळेपणाने बोलत होता. "डेकवर दोराची वेटोळी पडलेली असतात. त्यात पाय ठेवायचा नाही. पण कधी पडलाच आणि दोर निघाला, तर तुझ्याजवळ विचार करायला वेळ नसतो. म्हणून चाकू पाहिजे." खोलीत सगळे एकदम दुसरीकडे पाहायला लागले. दारात वहिनी गव्हाचं सूप घेऊन उभ्या होत्या. दादा घाईघाईने म्हणाले, "फळं-बिळं कापायले लागतेच म्हना चाकू." वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून घरात त्या वस्तूचं अधिकृत नाव 'फळं कापायचा चाकू' असं पडलं. तीन आठवडे आम्ही बादलीत आणि गच्चीवर जे चालवलं होतं, ते सगळं फळं कापण्यासाठी.

दादांना त्या काळात रात्री झोप येत नव्हती. मी त्यांना धीर द्यायचा म्हणून नौदलाच्या कमांडर दिलीप दोंदे यांची गोष्ट सांगितली. हा माणूस २००९-१० मध्ये एकटा शिडाच्या होडीतून जगाला फेरी मारून आला. तशी फेरी मारणारा पहिला भारतीय. ती 'म्हादेई' होडीही परदेशातली नव्हे, गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. "एकटा माणूस जाऊन आला, आपल्या पोरासोबत तर वीस-बावीस जण असतील," मी म्हटलं. दादा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्यायच्याजवळ चाकू कोनता होता?"

मला सांगता आलं नाही. पण दुसरं एक सांगता आलं. 'टायटॅनिक' १९१२ मध्ये बुडालं, १९१४ मध्ये देशोदेशींची माणसं जमली आणि जहाजावरच्या जिवांच्या रक्षणाचे नियम करायला बसली. त्या नियमांचं आजचं रूप मी वाचलं. जीवनौकेत काय काय असावं याची त्यात यादी आहे, आणि तिच्यात घडीचा चाकू आहे. तो दोरीने नौकेला बांधलेला असावा असंही लिहिलंय. फुगवायच्या तराफ्यावर मात्र घडीचा चालत नाही. तिथे सरळ पात्याचा, तरंगणाऱ्या मुठीचा, दोरी लावलेला चाकू तराफ्याच्या बाहेरच्या अंगाला खिशात ठेवायचा; तराफा ज्या दोराने जहाजाला बांधलेला असतो, बरोबर त्या जागेजवळ. जहाज बुडायला लागलं तर तो दोर आधी कापायचा असतो. जगातल्या एवढ्या शहाण्या माणसांनी बसून ठरवलं काय, तर चाकू शोधावा लागता कामा नये.

पुतण्याला मुंबईत भेटायला गेलो तेव्हा पहाटे ससून डॉकवर चक्कर मारली. एक म्हातारा कोळी जाळं सारखं करत होता. त्याच्या कमरेला दोरीने बांधलेली साधी लाकडी मुठीची सुरी होती. पातं झिजून निम्मं झालेलं. मी गंजाचा प्रश्न विचारला, नायट्रोजनचाही विषय काढला. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "गंजते तर घासतो. झिजली की दुसरी घेतो." मग कमरेची दोरी ओढून दाखवली. "ही तुटता नये." इतिहासात आंगऱ्यांचं आरमार वगैरे आपण पाठ करतो, त्या आरमाराचं शहाणपण या दोरीत शिल्लक असावं.

परत आलो, आणि जेवायच्या वेळी मी माझा अहवाल मांडला. टोक बोथट हवं. मेंढीच्या खुरासारखं पुढून उतरतं पातं, म्हणजे हलत्या जहाजावर ते आपल्याच मांडीत जात नाही. (पूर्वी खलाशांनी एकमेकांना भोसकू नये म्हणून टोकं मोडत, असंही सांगतात.) बाजूला दाभणासारखा सुया हवा का? दोराच्या गाठी उसवायला तो बरा, पण त्याने चाकू जड होतो. पातं उघडल्यावर पक्कं बसणारा खटका हवा, नाहीतर जोर लावताना ते बोटांवर मिटतं. त्यातही गंमत अशी, की विलायतेत असला खटक्याचा चाकू सबळ कारणाशिवाय खिशात घेऊन हिंडता येत नाही आणि बिनखटक्याचाही तीन इंचांपर्यंतच. तेव्हा बंदरात उतरताना तो जहाजावरच ठेवायचा. मी बोलत होतो, दादा माना डोलावत होते.

"एका हातानं उघडते काय?" वहिनींनी विचारलं.

मी म्हटलं, म्हणजे?

त्या वाढायच्या थांबल्या. "बाबाचा पुढचा दात नव्हता, ठाऊक हाये ना तुमाले?"

होतं ठाऊक. वहिनींचं माहेर बेनोड्याचं. त्यांच्या वडिलांचा पुढचा एक दात नव्हता, आणि तो ऊस खाताना पडला असं लग्नापासून आम्ही ऐकत आलो होतो.

"ऊस नाही न फूस. गोठ्यात बैल घसरला. दाव्यात मान अडकली. बाबा धावले. एका हातानं त्याची मान उचलून धरली, नाही तं थो जागीच गेला असता. खिशात चाकू होता. कलमाचा. थो दोन हातानं उघडते. एक हात तं मानेखाली. मी लहान, मले काही सुधरेना. मंग त्यायनं दातानं उघडला." त्यांनी पोळी दादांच्या ताटात टाकली. "बैल वाचला. दात गेला. पोराजवळ दुसरा हात मोकळा असनच, असं नाही."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "फळं कापायले काय, कोनताही चालते भाऊजी."

कोणी काही बोललं नाही. पुढचं काम अर्ध्या तासात झालं. तीन आठवडे मी जी यादी करत होतो तिच्यात ही ओळ वर चढली आणि बाकीच्या खाली सरकल्या. एका हाताने उघडणारे चाकू पात्याला अंगठ्याएवढं भोक पाडून करतात. अंगठा भोकात घालून ढकलला की पातं बाहेर. हातमोजा घातला असला तरी. दादा म्हणाले, "भोक पडलेलं भांडं आपण मोडीत देतो. इथं भोकाचे जास्त पैसे?" पैसे खरंच जास्त होते. नायट्रोजनवालं पातं, मुळाशी दात, बोथट टोक, खटका आणि मागे दोरी ओवायला कडी, असा तो चाकू दहा-बारा कॅरेट संत्र्याच्या भावाचा निघाला. वहिनींनी मृग बहाराच्या पैशातले स्वतः बाजूला ठेवलेले काढून दिले. मूठ दोन रंगांत मिळत होती, काळी आणि नारिंगी. दुकानदाराच्या फोनवरच्या पोराने समजावलं, की नारिंगी पाण्यात लांबून दिसते, म्हणून जीवरक्षक जाकिटंही त्याच रंगाची असतात. हे मला आवडलं. जगात कुठेही माणूस पाण्यात पडला तर त्याला आमच्या पिकाचा रंग चढवतात.

पार्सल आलं त्या संध्याकाळी फौजदारांनी चाकू उघडून-मिटवून पाहिला आणि पहिल्यांदाच "बरा हाये" म्हणाले. शेंदुरजनाघाटच्या कारागिराने दातांवरून अंगठा फिरवून नाक मुरडलं, "ही धार नव्हे, हा कंगवा." पण मग त्याने पिवळा दोर कापून पाहिला आणि कंगवा परत द्यायला जरा वेळ लावला. पुतण्याला मी दोनच गोष्टी बजावल्या. वापरल्यावर गोड्या पाण्याने धुवायचा आणि बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडायचा. आणि विमानात हा चाकू हातातल्या पिशवीत नाही, आत टाकायच्या बॅगेत. नागपूरच्या विमानतळावर दादांनी तरी पहारेकऱ्याला आपणहून सांगितलंच, की आमच्या बॅगेत चाकू आहे, पण तो चांगल्या कामासाठी आहे. त्यातून बाहेर पडायला पंचवीस मिनिटं लागली.

कडीतली दोरी वहिनींनी केली. बाजारात तयार मिळते ती त्यांना पसंत पडली नाही. पोळ्याला बैलासाठी गोफ विणतात तसा चार पदरी बारीक नायलॉनचा गोफ त्यांनी दोन रात्री बसून विणला आणि कडीला बेनोड्याच्या गोठ्यातली गाठ मारली.

महिन्याने जहाजावरून निरोप आला. चाकू छान आहे. रोज लागतो. अजून त्याने तांदळाची पोती, खोकी आणि एकदा बोसनचा बूट एवढंच कापलं आहे. सिनियर लोकांना गोफ फार आवडला. फक्त एक अडचण आहे. बेल्टला लावायचा नवा हूक मिळालाय, तो बसवायला कडीची गाठ सोडायची आहे, आणि ती डेकवरच्या कोणालाच सुटत नाही. बोसनलाही नाही. आईला विचारा, ही सोडायची कशी?

दादांनी निरोप मोठ्याने वाचला. वहिनी चुलीजवळून म्हणाल्या, "सुटत नाही थे. काप म्हना. चाकू कायले देला मंग?"